माय, चाय का?

बँकॉकहून परत आल्यापासून बायका मला विचारतात, "काय शिकून आलीस गं तिकडून?" बचत गटाच्या बैठकीत तर मला उभंच केलं. गटाची अध्यक्षा म्हणाली, "आजी परदेशात एकट्या फिरून आल्यात. त्या आता आपल्याला दोन शब्द सांगतील." मी उभी राहिले, पदर सारखा केला आणि म्हणाले, "तिथं कोथिंबीर मुळासकट मिळते." बायका पुढचं ऐकायला थांबल्या. मी खाली बसले.

खरं जे शिकले ते उभं राहून सांगण्यासारखं नव्हतं. त्यात सगळी माझीच फजिती आहे. म्हणून आता लिहिते. माझी शाळा चौथीपर्यंतच, पण फजिती लिहायला चौथी पुरते.

मी अणदूरच्या अलीकडच्या एका गावात राहते. दोन खोल्या, पुढं पत्र्याची पडवी, बाजूला गोठा आणि गोठ्यात एक म्हैस. मालक जाऊन बरीच वर्षं झाली. एकुलता एक मुलगा, तो कंपनीच्या कामानं बँकॉकला. भिंतीपलीकडं शेजारीण राहते. ती मुसलमान, वयानं माझ्यापेक्षा बरीच लहान. रोज सकाळी तिचा चहा उकळला की ती भिंतीवरून डोकं काढते आणि ओरडते, "माय, चाय?" मी हो म्हणते आणि भिंतीवरून कपबशी येते. माझ्या चुलीवर मी शेवटचा चहा कधी केला ते मला आठवावं लागेल. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचा सगळा घोळ या दोन शब्दांनी घातला.

गेल्या वर्षी म्हशीनं मला ओढलं. मी दावं हाताला गुंडाळून चालले होते, तसं गुंडाळू नये हे मीच गावभर सांगत असते. मागून ट्रॅक्टर आला, त्यानं हॉर्न वाजवला, म्हैस उधळली आणि मी तिच्यामागं पार उकिरड्यापर्यंत गेले. हात मोडला. मुलगा विमानानं आला. हाताला प्लास्टर बघितलं आणि त्या दिवसापासून त्यानं एकच धोशा लावला: आई, आता एकटी राहायचं नाही.

"मग काय म्हशीला घेऊन येऊ तिकडं?" मी म्हणाले.

"म्हैस विक. घर बंद कर. माझ्याकडं चल." मग त्यानं देवाला मध्ये आणलं. "आपला खंडोबा बघ. काही महिने अणदूरला, काही महिने नळदुर्गला. देव जागा बदलतो, तुला काय होतंय?"

"देव परत येतो," मी म्हणाले. "त्याला कुणी कायमचा ठेवून घेत न्हाय."

पण माझा मुलगा सहजी हार मानत नाही, तो गुण माझा आहे. शेवटी म्हणाला, "महिनाभर बघून तरी जा." म्हैस शेजारणीच्या हवाली केली आणि गेले.

तिथं पोचल्यावर पहिल्याच दिवशी मला कळलं की 'बघून जा' म्हणजे 'राहून जा'. मला वेगळी खोली होती. खोलीत नवा देव्हारा होता. आणि न्हाणीघरात भिंतीला धरायला दांडा बसवला होता. पाहुणीसाठी कुणी दांडा बसवत नाही.

घर इतकं वर, की खालच्या माणसाला हाक मारली तर ऐकू जायची नाही. मुलगा आणि सून दोघंही सकाळी कामावर जायचे. दार लोटलं की त्याला आपोआप कुलूप. शेजारी कोण राहतं, असं मी सुनेला विचारलं, तर ती म्हणाली, "कुणीतरी आहे आई, चपला दिसतात कधीकधी." वाईट काही नव्हतं. पाणी चोवीस तास, वीज कधी जात नाही, वर थंड हवेची मशीन. मी दिवसभर खिडकीत बसून खालच्या चपलांएवढ्या मोटारी मोजायचे आणि मोजताना चुकायचे.

भाषेची मात्र मला काळजी वाटली नाही. उलट मला ती फारच सोपी वाटली. मुलगा दोन वर्षं शिकवणी लावून शिकतोय, आणि तो बोलला की खालचा वॉचमन तोंडावर हात धरतो. मला वाटलं, याचं डोकंच चालत नाही, कारण अर्धी भाषा आपलीच आहे. तिथल्या बायकांचं प्रत्येक बोलणं 'का'वर संपतं. आपल्याकडं नाही का, आलीस का, जेवलीस का, बरी हाईस का. लिफ्टमध्ये एक बाई हात जोडून म्हणाली, "सवादी का." आमच्याकडं चवीला सवाद म्हणतात. मी म्हणाले, "लई सवादी." ती हसली. म्हणजे बरोबरच बोलले.

एकदाच जरा घाबरले. सुनेबरोबर खालच्या दुकानात गेले होते. गल्ल्यावरच्या पोरीनं पिशवी हातात दिली, गोड हसली आणि म्हणाली, "कोप खून का." मी सुनेचा हात धरला.

"ही खुनाचं काय बोलली?"

"आई, ते थँक्यू आहे. आभार. आणि 'का' म्हणजे काही विचारत नाहीत त्या. आपण 'बरं का' म्हणतो ना, तसं बाया शेवटी लावतात. मानानं बोलायचं म्हणून."

मी मान हलवली. मान हलवणं आणि ऐकणं या माझ्यात पहिल्यापासून दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

महिना संपत आला तसा परतीच्या तिकिटाचा विषय घरात निघेना. एका रात्री जेवताना मीच काढला. मुलगा भात कालवत म्हणाला, "आई, गावाला एकटी काय करणार आहेस? इथं राहा. तिथं पडलीस तर बघायला कोण आहे?"

"म्या काय रोज पडते व्हय?"

"एकदाच पडलीस, पण उकिरड्यापर्यंत गेलीस."

सून हसली. मला राग आला. राग आला की मी पैज लावते, ही सवय मालकांनासुद्धा मोडता आली नव्हती.

"तुझं म्हणणं, मला एकटीला जमत न्हाय. व्हय का न्हाय? मग उद्या म्या एकटी त्या पुलापलीकडच्या बाजारात जाते. कोथिंबीर घेऊन येते. आले, तर माझं तिकीट काढायचं आणि पुन्यांदा हा विषय काढायचा न्हाय."

"आणि नाही आलीस तर?"

"तर म्हैस विक."

सून म्हणाली, "अहो, नको हो, काहीतरीच." पण मुलानं हातातला घास खाली ठेवला होता. त्यानं नियम घातले. मी त्याला फोन करायचा नाही. आणि कुणी गाडीवर आणून सोडायचं नाही, स्वतःच्या पायानं यायचं. फोन पिशवीत ठेवायचा, पण वापरायचा तो जिवावर बेतलं तरच. सुट्टीचा दिवस होता, तो घरीच थांबणार होता. सून एका कागदावर तिथल्या भाषेत पत्ता लिहून द्यायला लागली. मी म्हणाले, "चिठ्ठी गळ्यात बांधून हिंडायला म्या काय जत्रेतलं लेकरू हाय?"

तो कागद घेतला असता तर हे लिहायला मजकूरच उरला नसता.

सकाळी निघाले. आपल्याकडं पाहुण्याला घर सांगताना देऊळ सांगतात. मारुतीच्या मागं, खंडोबाच्या उजव्या अंगाला. मी तेच केलं. मुलाच्या इमारतीच्या दारात एका खांबावर छोटं देऊळ होतं, तुळशीवृंदावनाएवढं, वर सोनेरी कळस. पुढं झेंडूची माळ आणि लाल सरबताची बाटली. बाटलीत नळी घातलेली, देवाला प्यायला सोपं जावं म्हणून. मी म्हणाले, ही आपली खूण. सरबत पिणारा देव कुणी विसरेल का? आणि मी काही कच्च्या गुरूची चेली नाही. कमरेच्या पुडीतला भंडारा काढून चिमूटभर देवळाच्या पायरीला लावला. पिवळा डाग दिसला की घर. मोठ्या रुबाबात वॉचमनकडं बघितलं आणि चालायला लागले.

जाताना काही अडलं नाही. रस्ता ओलांडायची युक्ती मी दुसऱ्याच वळणावर शोधली: भाजीची पिशवी घेतलेली बाई गाठायची आणि तिच्या पाठोपाठ जायचं. भाजी आणणाऱ्या बाईला मरायला वेळ नसतो, ती नीट बघूनच ओलांडते. अशा तीन-चार बायांच्या मागं मी पुलापलीकडं पोचले. बाजार छान होता. मिरच्या, चिंचा, शेवगा, केळफूल, सगळं ओळखीचं. फक्त मासे एवढे जिवंत की मला बघून उडी मारत होते. कोथिंबीर मुळासकट होती आणि बांबूच्या सालीनं जुडी बांधली होती. भाजीवाली म्हणाली, "कोप खून का." मी शहाणी झाले होते. मी म्हणाले, "तुझाबी कोप खून."

परत निघाले. पुन्हा एक पिशवीवाली बाई गाठली. चांगली चालणारी होती. ती पूल चढली, मी चढले. ती वळली, मी वळले. मनात म्हणत होते, मुलाला काय वाटतं, म्हातारी काय चुकते. ती एका लोखंडी दारापाशी थांबली, किल्ली काढली, माझ्याकडं वळून बघितलं आणि आत जाऊन दार लावून घेतलं. ती तिच्या घरी पोचली होती. मी तिच्या दारात उभी होते. पूलही वेगळाच चढले होते, हे तेव्हा कळलं.

तरी घाबरले नाही. देऊळ होतं ना. पहिल्या इमारतीपाशी गेले तर दारात खांबावर देऊळ. सोनेरी कळस. झेंडूची माळ. लाल सरबत, त्यात नळी. दुसऱ्या इमारतीपाशी तसंच. तिसऱ्या. चौथ्या ठिकाणी दोन बाटल्या. जिकडं बघावं तिकडं देव सरबत पीत बसलेले. त्या गावात प्रत्येक घराला असं देऊळ असतं, हे सुनेनं मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं म्हणे. मी तेव्हा मान हलवली असेल. आता मी प्रत्येक देवळाच्या पायरीवर वाकून भंडारा शोधायला लागले. आणि ऊन असं, की आपल्या उन्हासारखं वाळवत नाही, शिजवतं. कोथिंबीर माना टाकायला लागली.

मग मी विचारायचं ठरवलं. एका इमारतीच्या दारात वर्दीतली वॉचमन बाई होती. मी इमारतीकडं बोट दाखवलं, मग स्वतःकडं, मग गालाखाली हात धरून झोपल्यासारखं केलं. म्हणजे, मी राहते ती हीच का? बाई समजूतदार होती. तिनं मला नीट न्याहाळलं, हसली आणि म्हणाली,

"माय चाय का."

मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. परक्या देशात, रस्त्यातली बाई, मला माय म्हणते आणि चहा विचारते. माझ्या शेजारणीचेच शब्द. मी म्हणाले, "व्हय, घेईन की. साखर कमी," आणि तिच्या बाजूच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसले. बाई जरा गडबडली. तिनं पंखा माझ्याकडं वळवला. मी चपला काढल्या, पाय मोकळे केले. बराच वेळ गेला. ती उठेना, आत कुणाला सांगेना. मधून माझ्याकडं बघून हसायची, मी तिच्याकडं बघून हसायचे. शेवटी मला अवघडल्यासारखं झालं. विचारायचा चहा आणि द्यायचा नाही, ही रीत आपल्याकडंही काही घरांत आहे. मी उठले, निरोप घेतला आणि चालायला लागले.

पुढं एक कपडे धुऊन इस्त्री करून देणारं दुकान होतं. त्यातल्या बाईला मी पुन्हा तेच केलं. समोरच्या इमारतीकडं बोट, मग मी, मग झोप. तिनं मान हलवली. "माय चाय का." मी पायरीवर बसले. ही जरा तापट होती. दोन्ही हात हलवून म्हणाली, "माय चाय! माय चाय का!"

"अगं कळलं, बसले न्हवं का," मी म्हणाले. "घाई न्हाय मला. तू तुझी इस्त्री कर."

तिनं इस्त्री केली. सगळी केली. एक आख्खी चादर झाली, उशांचे अभ्रे झाले. चहाचं भांडं कुठं दिसेना. मी तिथूनही उठले, पण या वेळी निरोप घेतला नाही.

तिसऱ्या गल्लीच्या तोंडाशी एका बाईची हातगाडी होती. माझ्याच वयाची असावी, थोडी इकडं-तिकडं. उखळात कच्ची पपई कुटत होती, शेंगदाणे घालून. माझे पाय दुखत होते, घसा वाळला होता आणि कोथिंबीर आता सुकलेल्या मेथीसारखी दिसत होती. मी मागच्या इमारतीकडं बोट दाखवलं. झोपेचं सोंग करायचीसुद्धा ताकद नव्हती, नुसते डोळे मिटले.

"माय चाय का," ती म्हणाली.

माझं डोकं फिरलं.

"हे तिसरं दार हाय! जो तो चाय का, चाय का करतोय आणि कपाचा पत्ता न्हाय! द्यायचा आसंल तर द्या, न्हायतर इचारू नका. म्या काय मागायला आले होते व्हय तुमच्या दारात?" आणि तिला कळावं म्हणून बशीत ओतून फुंकर मारून पिल्याचं करून दाखवलं.

बाईचा मुसळावरचा हात थांबला. तिनं माझी बशी बघितली. मग तिचं तोंड उजळलं.

"चा?" ती म्हणाली. "चा का?"

आता हा तर आमच्या जुन्या माणसांचा शब्द. माझी सासू चाच म्हणायची. मी म्हणाले, "व्हय बाई, चा." तिनं शेजारच्या गाडीवाल्याला हाक मारली. आणि चहा आला. केशरी रंगाचा, बर्फ घातलेला, प्लास्टिकच्या पिशवीत, वर रबर बांधलेलं आणि नळी खोचलेली. मी ती पिशवी दोन्ही हातांत धरून बघत राहिले. त्या देवळातल्या देवासारखी माझी सोय झाली होती. गोड तर इतका, की नळी त्यात उभी राहावी. मी सगळा प्याले. पिशवी पिळून प्याले.

तेवढ्यात त्या बाईनं कोपऱ्यावर उभ्या असलेल्या मोटारसायकलवाल्यांना माझ्याकडं बोट दाखवून काहीतरी विचारलं. नारिंगी बंडी घातलेली ही माणसं तिथं नाक्यानाक्यावर असतात, आपल्याकडच्या रिक्षावाल्यांसारखी. त्यातला एक जाडा, केस पिकलेला गडी पुढं आला. त्यानं माझा पदर, माझी हिरवी साडी बघितली, हातानं डोक्यावर पदर घेतल्याची खूण केली आणि हसला. सकाळी घरातून निघताना याच माणसासमोरून मी रुबाबात गेले होते. डोक्यावर पदर घेतलेली म्हातारी त्या भागात दुसरी नव्हती. मी सगळीकडं देवाची खूण शोधत होते, आणि गावासाठी खूण मीच होते.

त्यानं मागच्या सीटकडं हात केला. मुलानं नियम सांगितला होता, तो मला आठवला. म्हैसही आठवली. खोटं कशाला बोलू, फार वेळ नाही आठवली. पाय फार दुखत होते. त्यानं माझ्या डोक्यावर पदरावरूनच हेल्मेट चढवलं, मी एका बाजूला पाय सोडून बसले, आणि गाडी निघाली ती दोन वळणं घेऊन संपली. घर त्या हातगाडीच्या पाठीमागच्या भिंतीपलीकडंच होतं.

इमारत दिसली तशी मी त्याच्या पाठीवर थापा मारून त्याला अलीकडंच थांबवलं. नियम होता, स्वतःच्या पायानं यायचं. मी उतरले, निऱ्या झटकल्या, कोथिंबीर हातात घेतली आणि मान ताठ करून चालत दारात आले. देवळाच्या पायरीवर बघितलं. भंडारा नव्हता. वॉचमन ओल्या फडक्यानं पायरी पुसूनच उभा होता.

मुलगा आणि सून खाली दारातच होते. मुलाचं तोंड पांढरं पडलेलं.

"आले बघ," मी म्हणाले. "स्वतःच्या पायानं. काढ तिकीट."

तो माझ्या डोक्याकडं बघत राहिला. सुनेनं पदर तोंडाला लावला, म्हणजे ओढणी. तेवढ्यात मागून तो जाडा गडी हाका मारत, धापा टाकत पळत आला. त्याला त्याचं हेल्मेट पाहिजे होतं.

वर गेल्यावर मुलगा खुर्चीत बसला आणि म्हणाला, "आई, तुझ्या पिशवीतला फोन कुठं आहे ते मला माझ्या फोनवर दिसतं. ठिपका दिसतो. मी सकाळपासून तो ठिपका बघतोय. ठिपका पुलावरून भलतीकडं गेला. मग एका जागी थांबला. हलेचना. मला वाटलं, तू चक्कर येऊन पडलीस. मी चपला घालून निघालो, तर हलला. मग दुसरीकडं थांबला. मग तिसरीकडं. करत काय होतीस तू तिथं?"

"चहाची वाट बघत होते."

"कसला चहा?"

मी सगळं सांगितलं. माय म्हणाल्या, चाय का म्हणाल्या. सांगताना मला त्या इस्त्रीवालीचा पुन्हा राग आला. सुनेनं खाली बघितलं. मग ती जमिनीवरच बसली आणि तिला बोलताच येईना.

"आई," शेवटी ती डोळे पुसत म्हणाली, "'माय चाय' म्हणजे 'नव्हे'. तुम्ही विचारलं, हेच घर का? त्या सांगत होत्या, नव्हे हो बाई, हे नव्हे."

म्हणजे ती पहिली बाई मला सांगत होती की इथं तू राहत नाहीस, आणि मी म्हणत होते, साखर कमी. दुसरी दोन्ही हात हलवून सांगत होती, नव्हे गं बाई, नव्हे, आणि मी तिला इस्त्री करायची परवानगी देत होते. माय म्हणजे नाही. मी इतकी वर्षं माय ही हाक ऐकून वळणारी बाई. तीन दारांतून मला नाही म्हटलं, आणि मी तिन्ही दारांत बसले.

मुलगा मात्र हसला नाही. "हरलीस आई," तो म्हणाला.

"हरले," मी म्हणाले. पैज मी लावली होती. डोक्यावर हेल्मेट घेऊन आल्यावर वाद घालण्यात अर्थ नव्हता. कोथिंबीर मोरीत पाण्यात ठेवली आणि खोलीत जाऊन खिडकीत बसले. त्या दिवशी मोटारी मोजल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी मुलानं गावाला शेजारणीला फोन लावला, म्हशीला गिऱ्हाईक बघ म्हणून सांगायला. माझ्यासमोरच लावला, स्पीकरवर. चोरून करणारा नाही तो.

"काकी, आई आता इथंच राहणार. म्हशीचं काय ते बघा."

पलीकडून असा आवाज आला की सून स्वयंपाकघरातून बाहेर आली.

"राहू दे की तुझी माय तुझ्यापाशी! पर म्हशीला कोण समजावणार? ती कुणाला धार काढू देते का? महिना झाला, रोज तुझ्या मायचं जुनं लुगडं नेसून तिच्याखाली बसते म्या! माझा नवरा म्हणतो, बुरख्यातली बाई गेली आणि ही कोण आली! माय कुटं हाय? दे तिला फोन."

"ऐकायले म्या," मी म्हणाले.

"काय गं माय, इकडं येणार न्हाईस? आणि तिथं कोण हाय गं तुला सकाळी हाक मारायला? शेजारीण हाय का?"

"चपला हाईत तिच्या," मी म्हणाले.

मुलानं सुनेकडं बघितलं. मग शेजारणीनं विचारलं, आवाज का असा येतोय, आजारी आहे का. म्हणून मुलानंच तिला कालची गोष्ट सांगितली. सांगता सांगता 'माय चाय'पाशी आला आणि त्याला स्वतःलाच हसू फुटलं. एक दिवस उशिरा फुटलं, पण मग थांबेना. पलीकडून ती हसत होती, इकडून सून. मी एकटीच गंभीर बसले होते, कारण कुणीतरी बसायला पाहिजे होतं.

हसणं संपल्यावर शेजारीण म्हणाली, "तीन दारांत जाऊन बसली? आणि शेवटी चाय पिऊनच उठली?"

"पिशवीत," मुलगा म्हणाला.

"मग तिची काळजी तू कशाला करतोस रं?"

फोन ठेवल्यावर तो माझ्याकडं वळला. मग म्हणाला, "आई, गावात तरी तू एकटी कुठं राहतेस?"

"तेच तर सांगत होते," मी म्हणाले. खरं म्हणजे मी ते कधीच सांगितलं नव्हतं. मला सुचलंच नव्हतं. मी कायम एकटी राहते, एकटी राहते म्हणूनच मिरवत होते.

"तिकीट काढतो. पण पैज तू हरलीस. म्हैस जाणार."

मी हो म्हणाले. त्याचं चुकत नव्हतं. मोडलेल्या हातानं आता तिची धारसुद्धा नीट निघत नव्हती, हे मी त्याला सांगितलं नव्हतं, पण शेजारणीला ठाऊक होतं.

म्हैस शेजारणीनंच ठेवून घेतली. दावं भिंतीच्या अलीकडून पलीकडं गेलं, एवढंच. पण माझं लुगडं तिला अजून नेसावं लागतं. म्हैस नवी मालकीण मानायला तयार नाही. पहाटे भिंतीवरून बघितलं की मला मीच धार काढताना दिसते, फक्त पाठ सरळ असलेली. माझ्या गोठ्यात आता सरपण आहे. आत गेले की हात सवयीनं कडब्याकडं जातो, आणि कडबा नसतो.

मग चहा उकळतो आणि भिंतीवरून डोकं निघतं.

"माय, चाय?"

पूर्वी मी ऐकल्याबरोबर हो म्हणायचे. आता आधी तिच्या हातात कप आहे का ते बघते.